दोन वर्षांच्या एमएस्सीत क्लब कसा उभा केला आणि पुढं कसा दिला

विद्यापीठाच्या कॉम्प्युटर डिपार्टमेंटमध्ये स्टुडंट क्लब सुरू करायचाय, तुम्ही नेमकं काय काय केलं, असं बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून सगळं एकदाच लिहून काढते. मी २०२३ ते २०२५ एमएस्सी कॉम्प्युटर सायन्स केलं, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका राज्य विद्यापीठात, कॅम्पसवरच्या डिपार्टमेंटमध्ये. कॉलेज वेगळं आणि विद्यापीठाचं डिपार्टमेंट वेगळं, हे आधी ध्यानात घ्या. इंजिनिअरिंग कॉलेजात पोरं चार वर्षं असतात, पहिल्या वर्षाला क्लबमध्ये शिरलेला माणूस तिसऱ्या वर्षी तो चालवायला लागतो. आमच्याकडं दोनच वर्षं, त्यातलं चौथं सेमिस्टर इंटर्नशिपचं, जानेवारी लागला की सगळे बॅगा भरून पुण्याला. म्हणजे सीनियर म्हणून माणूस कॅम्पसवर असतो तो जुलै ते डिसेंबर, बास. आणि पहिल्या वर्षाला आलेल्यांना कुठली लॅब कुणाकडं, अर्ज कुणाच्या नावानं लिहायचा, हे कळेपर्यंत दिवाळी येते. एमसीएवाल्यांना आधी तीन वर्षं मिळायची, मधली एक बॅच कायम हाताशी असायची, एआयसीटीईनं, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेनं, २०२०-२१ पासून एमसीए दोन वर्षांचं केलं आणि त्यांचंही आमच्यासारखंच झालं. माझं स्पष्ट मत आहे की डिपार्टमेंटमधले क्लब बंद पडतात ते ह्या कॅलेंडरपायी. आम्ही जे काही केलं ते हे कॅलेंडर समोर ठेवून केलं, म्हणून ते सगळ्यात आधी सांगितलं.

आम्ही आलो तेव्हा डिपार्टमेंटमध्ये काहीच नव्हतं असं नाही. सीआरनं, म्हणजे वर्गाच्या प्रतिनिधीनं, केलेला व्हॉट्सॲप ग्रुप होता, त्यावर सबमिशनच्या तारखा आणि जॉबचे फॉरवर्ड यायचे. वर्षातून एकदा टेक फेस्ट व्हायचा, क्विझ, पोस्टर, ब्लाइंड कोडिंग, सर्टिफिकेट, झालं. आणि सेमिनार हॉलच्या मागच्या कपाटात कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडियाच्या स्टुडंट ब्रँचचं जुनं बॅनर गुंडाळून ठेवलेलं होतं. सीएसआय ही आपल्या देशातली जुनी संस्था, १९६५ ची, तिच्या स्टुडंट ब्रँच एकेकाळी खूप ठिकाणी होत्या. ती ब्रँच कुणी काढली, कधी थांबली, हे सांगणारं डिपार्टमेंटमध्ये कुणी उरलं नव्हतं. ते बॅनर बघून मला खरंच वाईट वाटलं, कारण कुणीतरी त्यासाठी पळापळ केली असणार, सह्या आणल्या असणार, आणि त्याची एक ओळसुद्धा कुठं लिहून ठेवलेली नव्हती.

सुरुवात लिनक्स ह्या मोफत, खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमपासून झाली, तीही गरजेपोटी. ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रॅक्टिकलला फोर्क, एक्झेक, सेमाफोर (एका प्रोग्रॅममधून दुसरे चालवायचे आणि सांभाळायचे प्रकार) सगळं लिनक्सवर करायचं, आणि घरी लॅपटॉपवर विंडोज. मग आमच्यातल्या चारपाच जणांनी ठरवलं की सॉफ्टवेअर फ्रीडम डे, म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरचा दिवस, करायचा आणि त्यातच इन्स्टॉल फेस्ट घ्यायचा, म्हणजे एकत्र बसून सगळ्यांच्या लॅपटॉपवर लिनक्स टाकायचं. हा दिवस दरवर्षी सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी जगभर करतात. २०२३ साली तो आला १६ तारखेला आणि गणेश चतुर्थी १९ ला. आता गणपतीच्या तोंडावर शनिवारी आमच्या भागात पोरं कॅम्पसवर थांबतील का, जतचे जतला, गडहिंग्लजचे गडहिंग्लजला, एसटीत पाय ठेवायला जागा नसते. मग आम्ही तो सरळ विसर्जनानंतर घेतला. तारखेपेक्षा माणसं महत्त्वाची, हे आम्ही तिथूनच पाळायला लागलो.

इन्स्टॉल फेस्टबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण बाहेरून तो दिसतो सोपा. पेन ड्राइव्हवर उबुंटू नावाचं लिनक्स टाकायचं, लॅपटॉपला लावायचं, नेक्स्ट नेक्स्ट. पण आमच्याकडं येणाऱ्या लॅपटॉपवर एकट्या विद्यार्थ्याचा हक्क नसतो, तो अख्ख्या घराचा असतो. त्यात बहिणीच्या लग्नाचे फोटो असतात, भावाचे पोलीस भरतीचे फॉर्म असतात, एकीच्या लॅपटॉपमध्ये तर वडलांच्या दूध संस्थेचा सगळा हिशोब होता. तिथं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा तो भाग, उडालं तर पोरीला घरी जाऊन काय उत्तर द्यायचं? म्हणून आम्ही नियम केला की आधी बॅकअप, मग लाइव्ह मोडमध्ये, म्हणजे इन्स्टॉल न करता पेन ड्राइव्हवरूनच, चालवून वायफाय, आवाज, टचपॅड सगळं नीट चालतंय का ते बघायचं, आणि त्यानंतर मालकानं स्वतः ठरवायचं की ड्युअल बूट करायचं (विंडोज आणि लिनक्स शेजारीशेजारी), व्हर्च्युअल मशीन टाकायचं (कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर) का विंडोजच्या आतच लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल वापरायचं. आम्ही कुणाच्या लॅपटॉपला हात लावायचा नाही, शेजारी बसून सांगायचं, बटण त्यानंच दाबायचं. विंडोजमध्ये डिस्कला कुलूप लावणारं बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर लिहून घ्यायची आणि मगच बायॉसमधलं सिक्युअर बूट वगैरे बदलायला जायचं, हे तर आम्ही फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं होतं. दिवस संपेपर्यंत निम्म्या लोकांनी डब्ल्यूएसएलच घेतलं आणि त्यात आम्हाला काहीच कमीपणा वाटला नाही, फोर्क चालला की झालं.

त्या दिवशी लोक थांबले, भडंग खात गप्पा मारत बसले, आणि तिथंच पहिल्यांदा वाटलं की हे दर आठवड्याला व्हायला पाहिजे.

दर आठवड्याला म्हणजे लॅब पाहिजे, लॅब म्हणजे परवानगी. अर्ज लिहिला एचओडी मॅडमना. मॅडमनी तीन गोष्टी विचारल्या, जबाबदार शिक्षक कोण, मशीनचं काही झालं तर कोण बघणार, आणि हे परीक्षेच्या काळात चालू राहणार का. तिन्ही प्रश्न बरोबर होते. एक सर स्वतःहून उभे राहिले. लॅब असिस्टंट मामांशी आम्ही आधीच बोललो होतो, किल्ली कधी घ्यायची, एसी कधी बंद करायचा, रजिस्टरला कुणी सही करायची. खरं सांगू का, अर्जावरच्या सहीइतकंच मामांशी बोलणं महत्त्वाचं असतं, शनिवारी सकाळी दार ते उघडणार असतात.

वेळ ठरवताना जरा वाद झाला. मुलांचं म्हणणं संध्याकाळी सहानंतर बसू, निवांत. पण मुलींच्या हॉस्टेलला परत यायची वेळ ठरलेली, आणि ज्या मुली रोज गावाकडून ये-जा करतात त्यांची एसटी त्याच्याही आधी. संध्याकाळची वेळ घेतली असती तर वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुली कायमच्या बाहेर राहिल्या असत्या आणि क्लबमध्ये मुली येत नाहीत असं लोक म्हणत बसले असते. शनिवारी ११ ते १ ठरलं. ती वेळ आजपर्यंत बदललेली नाही आणि बदलू देऊही नका असं मी पुढच्यांना बजावून आलेय.

आता भाषेचं. आमच्या वर्गात निम्मे लोक बारावीपर्यंत मराठी माध्यमातले, मीसुद्धा. लेक्चरला शंका असते, ती मनात मराठीत असते, इंग्लिशमध्ये मांडेपर्यंत सर पुढच्या स्लाइडवर गेलेले असतात. म्हणून शनिवारी शंका मराठीत विचारायची, उत्तर मराठीत द्यायचं, पॉइंटरला पॉइंटरच म्हणायचं, स्टॅकला स्टॅक. ह्यावर एका सीनियर दादानं हरकत घेतली, की कॅम्पस इंटरव्ह्यूला इंग्लिशच लागतं, इथं तरी सवय करू द्या. त्याचं चूक नव्हतं. मग असं ठरलं की ज्यानं सेशन घेतलं त्यानं शेवटची दहा मिनिटं तोच विषय इंग्लिशमध्ये परत सांगायचा. ह्याचा फायदा आम्हाला वाटला त्याहून जास्त झाला, कारण विषय मराठीत आधी पूर्ण समजलेला असला की इंग्लिश वाक्यं अडखळत का होईना पण बरोबर येतात, आणि समोर बसलेल्यांनाही विषय माहीत असल्यामुळं ते भाषेकडं लक्ष देऊन ऐकू शकतात. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये लिनक्स, सी वगैरेचे मराठी आवाजातले छोटे व्हिडिओ आहेत, पहिल्या काही आठवड्यांत आम्ही तेच लावायचो आणि सोबत टाइप करायचो. ज्यांना मराठीत शिकवायचं कसं हे कळत नाही त्यांनी तिथून सुरू करा.

आमचं सगळ्यात गाजलेलं सेशन ह्यातूनच निघालं. विषय होता स्ट्रिंग, म्हणजे प्रोग्रॅममधला मजकूर. फळ्यावर लिहिलं ‘कोल्हापूर’ आणि विचारलं लांबी किती. सगळे म्हणाले चार, को, ल्हा, पू, र. पायथनला विचारलं तर ९. सी मध्ये लिहून लांबी मोजणारं एसटीआरलेन लावलं तर २७. पाच मिनिटं लॅबमध्ये नुसता गोंधळ. मग एकेक उलगडत गेलं, क वेगळा, ओकार वेगळा, ल, मग हलन्त, मग ह, काना, प, ऊकार, र, असे नऊ कोड पॉइंट, म्हणजे युनिकोड ह्या जागतिक यादीत प्रत्येक चिन्हाला दिलेले नंबर, आणि ते साठवायच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक कोड पॉइंट तीन बाइटचा म्हणून नऊ त्रिक सत्तावीस. मग एकानं तीच स्ट्रिंग उलटी केली, तर स्क्रीनवर आलं ‘रूपाह्लोक’. मराठी माणसानं हातानं उलटं लिहिलं असतं तर ‘रपूल्हाको’ लिहिलं असतं. म्हणजे मशीनला अक्षर कळतच नाही, तिला कोड पॉइंट कळतात, आणि आपण ज्याला एक अक्षर म्हणतो ते ओळखायचे नियम युनिकोडनं वेगळे लिहून ठेवलेत. त्या नियमांतसुद्धा २०२३ मध्ये आलेल्या युनिकोड १५.१ पर्यंत ल् आणि हा वेगळे तुकडे पडायचे, जोडाक्षर एकत्र धरायचा नियम तेव्हा आला. म्हणजे आम्ही एमएस्सीला ॲडमिशन घेतली त्याच वर्षी! हे ऐकल्यावर वर्गात कधीही तोंड न उघडणारा एक मुलगा म्हणाला, मग आधीच्या सॉफ्टवेअरमध्ये बॅकस्पेस दाबलं की अर्धंच अक्षर का जातं ते आत्ता कळलं. पुढच्या सेशनला तो स्वतः बोलला.

त्यानं घेतला ऱ्य. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन वेगळे शब्द, मराठीत अर्धा र दोन प्रकारे लिहितात हे आपल्याला शाळेपासून माहीत असतं. त्याच्या बीएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये तालुक्यांची यादी होती आणि सर्चमध्ये ‘कऱ्हाड’ सापडतच नव्हतं, समोर यादीत दिसत असून. कारण तो ऱ् लिहायच्या तीन तऱ्हा निघाल्या. एक म्हणजे ऱ चा स्वतंत्र कोड यू-०९३१, इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट आणि जे. दुसरी, साधा र आणि त्याला नुक्ता. तिसरी, र, हलन्त आणि मग झेडडब्ल्यूजे म्हणजे न दिसणारा एक जोडणारा कोड. डोळ्याला तिन्ही सारखेच. पहिले दोन युनिकोडच्या एनएफसी नॉर्मलायझेशननं, म्हणजे सारखे कोड एकाच रूपात आणायच्या पद्धतीनं, एक होतात, तिसरा होत नाही, त्याचं रूपांतर आपल्यालाच लिहावं लागतं. हे सगळं त्यानं मराठीत सांगितलं, कोड लिहून दाखवला, चालवून दाखवला. अशा विषयात आपल्या भाषेच्या पोराला जे आधीपासून माहीत असतं ते दुसऱ्या कुणाला पुस्तकातून शिकावं लागतं, आणि क्लबमध्ये ते बोलून दाखवायला जागा मिळते. माझ्यासाठी क्लब म्हणजे हे.

दुसऱ्या सेमिस्टरला, म्हणजे २०२४ च्या सुरुवातीला, प्रश्न आला की ह्याला काही अधिकृत रूप द्यायचं का. गावातल्या इंजिनिअरिंग कॉलेजमधल्या मित्रांकडं गूगलचा डेव्हलपर स्टुडंट क्लब होता, त्याचंच २०२४ मध्ये नाव बदलून गूगल डेव्हलपर ग्रुप्स ऑन कॅम्पस झालं. तिथं लीड व्हायला विद्यार्थ्यानं अर्ज करायचा आणि निवड गूगलच्या बाजूनं होते. फॉस युनायटेडचे कॅम्पस क्लब आहेत, ओपन सोर्सवाल्यांनी, म्हणजे सगळ्यांना खुल्या असलेल्या कोडवर काम करणाऱ्यांनी, ते नक्की बघावं. आम्ही निवडलं एसीएमचं स्टुडंट चॅप्टर, म्हणजे विद्यार्थ्यांची शाखा. एसीएम म्हणजे कॉम्प्युटर क्षेत्रातल्या लोकांची १९४७ ची जागतिक संस्था, ट्युरिंग अवॉर्ड हा ह्या क्षेत्रातला मोठा पुरस्कार देणारी, आणि तिच्या भारतातल्या शाखेचं ऑफिस पुण्यात आहे. आमचं कारण साधं होतं, तिथं विषयाचं बंधन नाही, कुठल्या कंपनीचं टूल शिकवलंच पाहिजे असं नाही, आणि पदाधिकारी बदलायचे कसे ह्याची पद्धत आधीच लिहिलेली आहे. दोन वर्षांच्या कोर्सला ही शेवटची गोष्ट सगळ्यात कामाची.

प्रक्रिया अशी. किमान दहा सदस्य पाहिजेत. चेअर, व्हाइस चेअर, ट्रेझरर अशी पदं, आणि पदाधिकाऱ्यांना स्वतःला एसीएमचं सदस्यत्व लागतं. फॅकल्टी स्पॉन्सर लागतात आणि त्यांनाही सदस्य व्हावं लागतं, आमच्या सरांनी ते स्वतःच्या खिशातून केलं, मागायलाही लागलं नाही. घटना, म्हणजे बायलॉज, एसीएम नमुना देतं, आपण तो वाचून घ्यायचा. वाचून घ्यायचा म्हणजे खरंच बसून वाचायचा, आम्ही एक शनिवार त्यालाच दिला, एकेक कलम मराठीत समजावून. मग ऑनलाइन अर्ज. इथं आमच्याकडं एक टप्पा वाढला, चॅप्टरच्या नावात विद्यापीठाचं नाव येणार म्हणून डिपार्टमेंटकडून वर टिपणी गेली, आणि ती परत येईपर्यंत थांबावं लागलं. ह्या काळात शनिवार बंद ठेवायचा नाही हे आम्ही पक्कं केलं होतं. मान्यता येईल तेव्हा येईल, ११ वाजता दार उघडलंच पाहिजे. अर्ज करणाऱ्या बऱ्याच ग्रुपचं तिथंच सुटतं, कागद फिरत असतो आणि माणसं वाट बघून पांगतात.

सदस्यत्वाच्या फीचा विषय नाजूक असतो, तो लपवू नका. सगळ्यांना परवडत नाही. आम्ही ठरवलं की नियमाला लागतात तेवढ्यांनीच एसीएमचं सदस्यत्व घ्यायचं, बाकी कुणालाही शनिवारी यायला एक रुपया लागणार नाही, सेशनला, स्पर्धेला, कशालाच नाही. चहापाण्याचा डबा दारात ठेवलेला, ज्याला टाकायचे तो टाकेल, कोण किती टाकतंय ते बघायचं नाही.

चॅप्टर झाल्यावर दोन गोष्टी सोप्या झाल्या. एक म्हणजे पाहुणे. एसीएम इंडियाचा एमिनंट स्पीकर प्रोग्रॅम आहे, त्यातून मोठ्या संस्थांमधले लोक लहान ठिकाणी येऊन बोलतात. आपल्याला वाटतं आपल्या डिपार्टमेंटला कोण येणार, पण रीतसर विचारलं तर येतात. दुसरं म्हणजे पेपर वाचायची सवय. एसीएमनं १९५१ ते २००० पर्यंतचं आपलं सगळं जुनं साहित्य २०२२ मध्ये सगळ्यांना मोफत खुलं केलं. डीबीएमएसला, म्हणजे डेटाबेसच्या विषयाला, आम्ही नॉर्मल फॉर्म (टेबलं नीट मांडायचे नियम) पाठ करत होतो आणि ज्या माणसानं ही कल्पना मांडली त्या कॉडचा १९७० चा रिलेशनल मॉडेलवरचा मूळ पेपर फुकटात समोर! तो आम्ही चार शनिवार घेऊन हळूहळू वाचला. अवघड गेला, पण परीक्षेला नॉर्मलायझेशनवर लिहिताना पेन थांबलं नाही. ट्युरिंग मिळालेल्यांची यादी बघताना राज रेड्डींचं नाव आलं, आंध्रातल्या काटूर गावचे, १९९४ चा पुरस्कार. सांगोल्याची माझी मैत्रीण त्यांच्यावर वीस मिनिटं बोलली, तयारी करून, आणि त्यानंतर तिला पदाधिकारी व्हायला कुणी आग्रह करावा लागला नाही.

स्पर्धांचं थोडक्यात सांगते कारण त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. कोडशेफ ह्या साइटवरच्या स्टार्टर्स नावाच्या कोडिंग स्पर्धा बुधवारी रात्री आठला असतात आणि हॉस्टेलच्या मेसची वेळही तीच, त्यामुळं मेसच्या काकूंना सांगून बुधवारी डबे बाजूला काढून ठेवायची सोय केली, काकू दर वेळी विचारायच्या आज कितवे आलात. आयसीपीसी ह्या विद्यापीठांच्या जागतिक प्रोग्रॅमिंग स्पर्धेला तिघांची टीम, एकच कॉम्प्युटर, पाच तास. आमची टीम ऑनलाइन फेरीच्या पुढं गेली नाही, पण एका कॉम्प्युटरवर तिघांनी काम करायचा जो सराव झाला, म्हणजे एकानं टाइप करायचं, दुसऱ्यानं कागदावर टेस्ट केस काढायच्या, तिसऱ्यानं पुढचा प्रश्न वाचायचा, तो लॅबच्या प्रॅक्टिकललाही सगळे वापरायला लागले.

ऑक्टोबरमध्ये हॅक्टोबरफेस्ट, ओपन सोर्स प्रोजेक्टना हातभार लावायचा महिनाभराचा उपक्रम. ह्याबाबतीत आम्ही कडक होतो. २०२० मध्ये टीशर्टसाठी लोकांनी दुसऱ्यांच्या प्रोजेक्टच्या रीडमीमध्ये (माहितीच्या फाइलमध्ये) एखादा शब्द घुसडून पुल रिक्वेस्ट, म्हणजे तो बदल स्वीकारायची विनंती, पाठवायचा इतका सपाटा लावला की ओपन सोर्सवाले वैतागले आणि चालू उपक्रमात नियम बदलावा लागला, प्रोजेक्टच्या मालकाची इच्छा असेल तरच ते धरायचं. त्या गोंधळात आपल्या देशातल्या विद्यार्थ्यांचं नाव खूप खराब झालं. म्हणून आमच्याकडं नियम, पुल रिक्वेस्ट पाठवायच्या आधी ती क्लबमध्ये दोघांना दाखवायची आणि हे कुणाच्या उपयोगाचं आहे ते एका वाक्यात सांगायचं. संख्या कमी झाली, पण गेल्या त्यातल्या बऱ्याच मर्ज झाल्या, म्हणजे स्वीकारल्या गेल्या. मराठी भाषांतरातल्या चुका सुधारणं हे सुरुवातीला फार चांगलं काम आहे, तिथं मराठी येणाऱ्या माणसाची खरंच गरज असते.

आता हातात देण्याचं, ज्याच्यासाठी मी एवढं सगळं लिहिलं. जुलै २०२४ ला नवीन बॅच आली. सगळीकडं पद्धत अशी की नवीन लोकांनी वर्षभर बघायचं आणि पुढच्या जुलैला जबाबदारी घ्यायची. आमच्याकडं ते चालणार नव्हतं, कारण जानेवारी ते जून चालवणार कोण? म्हणून निवडणूक डिसेंबरात, परीक्षेच्या आधी, आणि उमेदवार फक्त पहिल्या वर्षाचे. त्यासाठी त्यांना चार महिन्यांत तयार करायचं. सप्टेंबरपासून प्रत्येक कामाला एक सीनियर आणि एक ज्युनियर अशी जोडी लावली. २१ सप्टेंबरचा सॉफ्टवेअर फ्रीडम डे, त्या वर्षी विसर्जन १७ ला होऊन गेलं होतं त्यामुळं तारखेलाच जमला, तो अर्ध्याहून जास्त पहिल्या वर्षानं उभा केला. ऑक्टोबरपासून अर्ज त्यांनी लिहायचे, मॅडमसमोर त्यांनी बोलायचं, आम्ही फक्त बाजूला उभं राहायचं. माझ्या बॅचमधल्या काहींना हे आवडलं नाही. त्यांचं म्हणणं, आपण एवढं केलं आणि चॅप्टरच्या पहिल्याच वर्षात खुर्ची सोडायची? मला ते समजत होतं, नाव लागतं तेव्हा माणसाला बरं वाटतं, रेझ्युमेवर लिहायला तारखा लागतात. पण पुण्यात बसून इथली किल्ली मागता येत नाही. बैठकीत हेच सांगितलं आणि मतदान झालं.

देताना काय काय दिलं ते लिहिते, कारण ह्यातलं एक जरी राहिलं तरी पुढच्यांचा महिना जातो. चॅप्टरचा वेगळा ईमेल, कुणाच्या वैयक्तिक खात्यावर काहीच नाही. कोड ठेवायच्या गिटहबवरच्या आमच्या ऑर्गनायझेशनचे ओनर बदलले, जुने पदाधिकारी साधे मेंबर झाले, स्पॉन्सर सरांना कायमचं ओनर ठेवलं. एसीएमच्या साइटवर नवीन पदाधिकाऱ्यांची नावं भरली, हे विसरलं तर सगळे मेल जुन्या माणसाला जात राहतात. वर्षाचा रिपोर्ट भरायचा असतो, त्याचा कच्चा खर्डा तयार करून दिला. आणि एक जाड वही. तिच्यात प्रत्येक शनिवारी काय झालं, कोण बोललं, किती आले, अर्जाची प्रत, कुठल्या लॅबमधला कुठला प्रोजेक्टर चालत नाही, मामांची सुट्टी कधी असते, कुठल्या महिन्यात कुठला सण आणि कुठली इंटर्नल. ते बॅनर बघितल्यापासून माझ्या डोक्यात ही वही होती. ऑनलाइन डॉक्युमेंटही आहे, पण वही लॅबच्या कपाटात असते, नवीन आलेला कुणीही उघडून वाचू शकतो.

जानेवारी २०२५ मध्ये मी इंटर्नशिपला पुण्यात आले. पहिले काही आठवडे फोन यायचे, ताई हे कुणाला विचारायचं, ताई मॅडम रजेवर आहेत. मी वहीचं पान सांगायचे. मार्चपर्यंत फोन थांबले. आता तिथं आणखी पुढची बॅच चालवतेय, मुलींसाठी एसीएम-डब्ल्यूचं चॅप्टर काढायचा त्यांचा विचार चालू आहे आणि त्यासाठी दुसऱ्या स्पॉन्सर मॅडमशी बोलणंही झालंय. शेजारच्या स्टॅटिस्टिक्सवाल्यांनी आर ह्या प्रोग्रॅमिंग भाषेचं सेशन मागितलंय, ते शनिवारी घ्यायचं की वेगळ्या दिवशी ह्यावर त्यांचं अजून ठरलेलं नाही, मला विचारलं तर मी म्हणलं, तुमचं तुम्ही ठरवा, पण मामांना आधी विचारा.